देवाच्या वतीने बोलणारे

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला. खाली वसतिगृहाच्या परिसरातली माणसेही गेली. पाठोपाठ आणखी एक बातमी फिरू लागली. वाहतूक कोंडीत अडकल्यामुळे एका तरुणीचे हेच विमान हुकले होते आणि तिने देवाचे आभार मानले होते. मग अशा प्रत्येक वेळी पेटतो तो वाद पेटला. एका बाजूने ‘देव तारी त्याला कोण मारी’ सुरू झाले. दुसऱ्या बाजूने विचारले गेले, मग उरलेल्या २४१ जणांनी देवाचे काय घोडे मारले होते? पहिल्या बाजूकडे उत्तर तयारच होते: ज्याचे त्याचे प्रारब्ध, ज्याची त्याची वेळ, वरच्याची काहीतरी योजना. दुसऱ्या बाजूने या उत्तरांची यथेच्छ टिंगल केली. चार दिवसांनी दोघेही थकले आणि पुढच्या दुर्घटनेपर्यंत विषय बासनात गेला.

या वादात दोघांच्या भांडणापेक्षा मला दोघांचे एकमत जास्त खटकते. आयुष्य अचानक भलतेच वळण घेते तेव्हा देवावर विश्वास ठेवायचा म्हणजे त्या वळणामागचे देवाचे कारण आपल्याला ठाऊक आहे असे म्हणायचे, हे दोघांनीही न बोलता गृहीत धरलेले असते. एकाला ते कारण पटते, दुसऱ्याला ते हास्यास्पद वाटते, एवढाच काय तो फरक. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. कारण ठाऊक असेल तिथे विश्वासाला कामच उरत नाही. जो देवाच्या हेतूंचे खुलासे करत सुटतो त्याची भिस्त देवावर कमी आणि स्वतःच्या खुलाशावर जास्त असते. आणि नास्तिक मित्र तो खुलासा उडवून लावतात तेव्हा हरतो तो खुलासा. विश्वासापर्यंत त्यांचा हात पोहोचलेलाही नसतो.

त्या तरुणीने मानलेले आभार आणि तिच्या वतीने इतरांनी मांडलेला सिद्धान्त यांत मी फरक करतो. मरणाच्या दारातून परतलेला माणूस ‘देवा’ म्हणतो तेव्हा तो विश्वाचा कारभार कसा चालतो हे सांगत नसतो. त्याच्या तोंडून श्वास बाहेर पडावा तसा तो शब्द पडतो. त्यावर तर्कशास्त्र घेऊन धावून जाणे हा निव्वळ अरसिकपणा. पण तेच वाक्य त्रयस्थाने उच्चारले की ते विधान होते, आणि विधान करणाऱ्याला जाब द्यावा लागतो. जो एकटा वाचला त्याचा भाऊ त्याच विमानात होता. तो गेला. ‘देवाने तुला वाचवले’ हे वाक्य त्या माणसाला ऐकवणाऱ्यांनी त्याच वाक्याचा न उच्चारलेला उत्तरार्ध एकदा मनाशी म्हणून पाहावा.

नास्तिकांची बाजू भक्कम आहे तिथे ती आधी मान्य करू. ती नवीनही नाही. दियागोरस नावाच्या ग्रीक नास्तिकाला एका मित्राने देवळातली चित्रे दाखवली. समुद्रातल्या वादळातून नवस बोलून जे वाचले त्यांनी ती टांगली होती. देव माणसांची काळजी घेतात हे आता तरी पटले का, असे मित्राने विचारले. दियागोरस म्हणाला, जे बुडाले त्यांची चित्रे कुठेच लावलेली नसतात. हा किस्सा रोमन लेखक सिसेरोने लिहून ठेवला आहे, म्हणजे ‘जे होते ते चांगल्यासाठीच’ या म्हणण्यातली खोट निदान दोन हजार वर्षे माणसाला माहीत आहे. चांगलेच झाले असे सांगायला मागे उरतात ते ज्यांचे चांगले झाले तेच. दुसरा आक्षेप असा, की छापा पडला तर कृपा आणि काटा पडला तर परीक्षा, असा हा डाव आहे. कोणत्याच निकालाने खोटे ठरत नाही ते विधान जगाबद्दल काही सांगतच नाही. आणि तिसरा आक्षेप तर प्रयोग करून झालेला. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांचा अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णांसाठी अनोळखी माणसांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. या दोन्ही गटांना आपण कोणत्या गटात आहोत हे सांगितलेले नव्हते. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५२ आणि ५१ टक्के निघाले. तिसऱ्या गटाला तुमच्यासाठी प्रार्थना होतेच आहे असे सांगितले होते, त्यात ते ५९ टक्के निघाले. ज्याला प्रार्थनेचा गुण मोजून दाखवायचा आहे त्याने ही आकडेवारी खिशात ठेवावी.

मी आस्तिक आहे आणि या तिन्ही आक्षेपांना मी उत्तर देणार नाही, कारण ते मला मान्य आहेत. विश्वास म्हणजे सुखरूपतेचे हमीपत्र असे ज्यांना वाटते त्यांचे म्हणणे दियागोरसने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच निकालात काढले. प्रश्न एवढाच की देवावर भिस्त ठेवणारी माणसे खरोखर त्या हमीपत्रावर जगत आली आहेत का?

आपल्याकडे हा वाद सर्वांत वरच्या पातळीवर झाला तो १९३४ मध्ये. १५ जानेवारीला बिहार आणि नेपाळला भूकंपाचा प्रचंड धक्का बसला, हजारो माणसे मेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. ते म्हणाले, अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने आपल्याला केलेली ही शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांना हे वाचून धक्का बसला आणि त्यांनी जाहीर प्रतिवाद केला. टागोर काही नास्तिक नव्हते. त्यांची निम्मी कविता देवाशी बोलण्यातच गेली. तरीही त्यांनी स्पष्ट लिहिले की निसर्गातल्या उत्पातांची कारणे निसर्गातच शोधायची असतात. वर एक मर्मावर बोट ठेवणारा मुद्दा जोडला: असला युक्तिवाद तुमच्यापेक्षा तुमच्या विरोधकांच्याच तोंडी जास्त शोभतो. ते सहज म्हणू शकतील की हे संकट तुमच्यामुळेच ओढवले. सनातनी मंडळी तसे म्हणतही होती. गांधींनी टागोरांचे निवेदन आपल्याच ‘हरिजन’ साप्ताहिकात छापले, शेजारी स्वतःचे उत्तर छापले आणि आपला हेका सोडला नाही.

या वादात टागोर बरोबर होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भूकंपात घरे पडली ती अस्पृश्यांचीही पडली. त्यांना कोणत्या पापाची शिक्षा? पण गांधींचा देवावरचा विश्वास त्या एका चुकलेल्या वाक्यात साठवलेला होता का? मार्चमध्ये ते बिहारमध्ये पोहोचले. राजेंद्रप्रसाद भूकंपानंतर दोनच दिवसांनी तुरुंगातून सुटले होते आणि त्यांनी मदतकार्य उभे केले होते. गांधी त्या कामासाठी उद्ध्वस्त भागांतून फिरले. भूकंपाबद्दलचे त्यांचे स्पष्टीकरण कागदावरून खोडून टाकले तरी त्या फिरण्यातले एक पाऊलही कमी होत नाही. उलट, ते स्पष्टीकरण तेवढे जपून ठेवले आणि बिहारचा दौरा वजा केला, तर मागे उरतो तो एक अंधश्रद्ध म्हातारा. आज ‘देवाची योजना’ सांगत फिरणारे लोक गांधींकडून घेतात ते नेमके चुकलेले वाक्य.

धर्मपरंपरांनीही या खुलासेवाल्यांची बाजू घेतलेली दिसत नाही. बायबलमधल्या ईयोबाची कथा पाहा. सज्जन माणूस, गुरेढोरे गेली, मुले गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र समाचाराला आले आणि सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसून राहिले. (त्यांच्या हातून झालेली सर्वांत चांगली गोष्ट हीच.) मग त्यांनी तोंड उघडले. देव अन्याय करत नाही. अर्थात तुझ्याच हातून काहीतरी घडले असणार. तेव्हा कबूल कर आणि मोकळा हो. तर्क बिनतोड होता. ईयोबाने तो साफ नाकारला. त्याने देवालाच समोर बोलावले, जाब विचारला, जन्मदिवसाला शाप दिला. शेवटी देव बोलतो तेव्हा त्याचा राग कोणावर असतो? त्याची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही ईयोबासारखे खरे बोलला नाहीत, असे तो त्यांना सुनावतो. आणि ईयोबाला? हे सगळे का घडले, हे देव त्याला अखेरपर्यंत सांगतच नाही. जुन्या लेखकाला कथेत कारण घालणे अवघड नव्हते. वाचकाला ते सुरुवातीलाच कळलेले असते. ईयोबाला मात्र ते न कळताच जगावे लागते, म्हणजे तुम्हाआम्हाला लागते तसेच.

इथवर नास्तिक मित्र मान डोलावतील. पण त्यांचा सर्वांत जड आक्षेप पुढेच आहे, आणि तो तर्कापेक्षा इतिहासाच्या बळावर उभा आहे. देवावर भार टाका असे सांगून माणसाला थंड करता येते. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ हे सावकाराने कुळाला ऐकवले, सासरच्यांनी सुनेला ऐकवले, वरच्या जातींनी खालच्या जातींना पिढ्यानुपिढ्या ऐकवले. ज्याला ठेवलेली जागा मानवते त्याला अनंताचा हवाला देणे सोपे जाते. हे झाले आहे, आजही होते, आणि ‘मूळ अर्थ तसा नव्हता’ असे म्हणून त्यातून अंग काढून घेता येत नाही.

तरीही ज्याने ती ओळ लिहिली तो स्वतः कसा जगला, हे विचारायला हवे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचे दिवाळे निघाले, मान गेला, पहिली बायको ‘अन्न अन्न’ करत मेली. हे सगळे त्यांनीच अभंगांत सांगून ठेवले आहे, आणि त्याला देवाची गोड योजना असे नाव देऊन सारवासारव केलेली नाही. दिवाळे निघाले ते बरे झाले, असेही ते म्हणतात. पण ते स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हणतात, शेजाऱ्याच्या नव्हे. मग त्यांनी काय केले? अनंताने ठेवले तसेच राहायचे असते तर घरातली सावकारीही तशीच ठेवायला हवी होती. परंपरा सांगते की आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली. पुढे वह्या बुडवाव्या लागल्या तेव्हा हेच तुकोबा अन्नपाणी सोडून तेरा दिवस धरणे धरून बसले. धरणे कोणाच्या दारात धरतात? ज्याच्याकडून काही येणे आहे असे मनापासून वाटते त्याच्या. जनाबाई तर विठ्ठलाला शेलक्या शिव्या घालते. चोखोबा विचारतात, माझी याती हीन, तर तुझी सेवा माझ्या हातून घडायची कशी? यांच्यापैकी कोणाचाही विश्वास कच्चा होता असे म्हणण्याची आपली प्राज्ञा नाही. भांडायलासुद्धा समोर कोणीतरी आहे याची खात्री लागते.

म्हणून अशी वाक्ये कोण कोणाला ऐकवतो यावरच माझ्या लेखी सगळे ठरते. ‘जे झाले त्यात देवाचा काही हेतू असेल’ असे माणूस स्वतःच्या जखमेकडे पाहत म्हणाला तर मी मान खाली घालून ऐकेन. दुसऱ्याच्या जखमेकडे बोट दाखवून म्हणाला तर ती त्याची भक्ती नव्हे, दुसऱ्याच्या दुःखापासून पळायची वाट आहे. कारण एकदा हेतू सापडला की शेजारी बसून राहायची, काही करायची गरज संपते.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दोन्ही तऱ्हांचा विश्वास एकापाठोपाठ दिसतो. १८७० च्या दशकात त्यांचे कुटुंब तीर्थाटन करत फिरत असताना दुष्काळाने गाठले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याजवळ होता नव्हता तो पैसा दानधर्मात आणि देवकार्यात गेला. शास्त्रात सांगितले आहे ते सगळे केले की देव प्रसन्न होईल आणि संकट टळेल, हा हिशेब होता. संकट टळले नाही. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाईंनी पुढे हे स्वतः लिहून ठेवले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि पदरात लहान मुलगी होती. इथे त्यांनी देवाचा नाद सोडला असता तर कोणी काय म्हणणार होते? त्यांनी देव सोडला नाही, धर्म बदलला, आणि त्यावरून महाराष्ट्रात केवढे रान उठले ते सर्वांना ठाऊक आहे. तो वाद इथे उकरायचा नाही. १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढले. १८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून, दलालांच्या तावडीतून शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला त्यांच्यासाठी वसतीच उभी राहिली. देव आपल्याला वाट दाखवतो ही त्यांची धारणा पक्की होती, पण हातावर हात ठेवून बसायला तिचे निमित्त त्यांनी कधी केले नाही. पहिल्या दुष्काळात कुटुंबाने देवाशी सौदा केला होता आणि तो फसला. दुसऱ्या दुष्काळात रमाबाईंनी सौद्याची भाषा केलीच नाही. उपाशी मुलगी कशी दिसते हे त्यांना माहीत होते, आणि त्यांनी तिला शोधायला बाहेर पडणे पसंत केले. नास्तिकांचा ‘श्रद्धा माणसाला निष्क्रिय करते’ हा आक्षेप पहिल्या दुष्काळाला तंतोतंत लागू पडतो. दुसऱ्याचे ते काय करणार?

मानसशास्त्रज्ञांनाही हा फरक दिसला आहे. केनेथ पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संकटात धार्मिक माणसे काय करतात याचा दीर्घ अभ्यास केला. कोणी सगळे देवावर सोपवून मोकळा होतो, कोणी देवाला बाजूला ठेवून स्वतःच झुंजतो, कोणी देव सोबत आहे असे धरून हातपाय हलवतो. २००१ मध्ये त्यांनी वयस्क, आजारी अशा ५९६ रुग्णांचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देवाने आपल्याला टाकून दिले, देवाचे आपल्यावर प्रेमच नाही, असे ज्यांना वाटत होते त्यांच्यात मृत्यूचा धोका अधिक आढळला. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे. शिवाय हा निष्कर्ष माझ्या म्हणण्यालाही जरा टोचतो, कारण देवाशी भांडणे आणि देवाने टाकल्यासारखे वाटणे यांतली रेषा बारीक आहे. रुग्णशय्येवर ती सहज ओलांडली जात असेल. पण मग त्या रेषेवर उभ्या असलेल्या माणसाला पलीकडे ढकलतो कोण? ‘गेल्या जन्मीचे काहीतरी असेल’ असे उशाशी बसून सांगणारा नातेवाईक त्या कामी बराच उपयोगी पडतो.

राहिला एक सरळ प्रश्न. विश्वासातून भाकीत काढून टाकले, खुलासा काढून टाकला, नवसाची हमी काढून टाकली. मग या विश्वासात आणि साध्या धैर्यात फरक काय उरला? साथीच्या रोगात नास्तिक डॉक्टरही मागे हटत नाही. चार्ल्स डार्विन यांची लाडकी मुलगी ॲनी १८५१ मध्ये दहा वर्षांची असताना गेली. त्यांच्या श्रद्धेत जे काही शिल्लक होते ते या मृत्यूने संपले असे त्यांचे अनेक चरित्रकार मानतात, आणि त्यानंतरही ते तितकेच सत्शील, तितकेच कष्टाळू राहिले. त्यांच्याकडे कमतरता शोधणारा आस्तिक मला कोता वाटतो. वागण्यात फरक नसेलही. असलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही. पण धैर्य आपल्या बळावर उभे असते आणि बळ संपते. विश्वास ठेवणाऱ्याला बळ संपल्यावरही एक गोष्ट म्हणता येते: मी आखलेले मोडले, म्हणून सगळेच मोडले असे नाही, जग माझ्या आराखड्यावर टेकलेले नव्हते. यात सांत्वन आहे का? थोडेसेच. यात पुरावा आहे का? अजिबात नाही. पण अचानक आलेल्या वळणावर सर्वांत आधी कोसळते ती आपलाच आराखडा म्हणजे जगाचा नियम ही समजूत. देवाची योजना कळल्याचा दावा करणारा हीच समजूत देवाच्या नावाने पुन्हा उभी करून ठेवतो.

४ मार्च १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेतली. उत्तर आणि दक्षिण यांच्यातल्या यादवी युद्धात लाखो माणसे मेली होती. १८६२ मध्ये त्यांचा मुलगा विली आजारपणात गेला होता. विजय आता हाताशी आला होता, आणि देव आमच्या बाजूने होता असे म्हणायला याहून सोयीची वेळ नव्हती. लिंकन म्हणाले, दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची प्रार्थना करतात. दोघांच्याही प्रार्थना मान्य होणे शक्य नव्हते, आणि पूर्णपणे कोणाचीच झाली नाही. त्या सर्वशक्तिमानाचे हेतू त्याचे त्यालाच ठाऊक. हे युद्ध गुलामगिरीच्या पापाची शिक्षा असू शकेल, असेही ते म्हणाले, पण ‘समजा’ म्हणून, आणि त्या शिक्षेत स्वतःच्या बाजूलाही धरून. लगेच पुढे ते वळले ते देशाच्या जखमा बांधण्याकडे, लढून पडलेल्यांच्या विधवा आणि अनाथ मुलांकडे. सहा आठवड्यांनी, गुड फ्रायडेच्या रात्री, त्यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. रविवारी ईस्टर होता. उत्तरेतल्या अनेक चर्चमध्ये त्या दिवशी धर्मोपदेशकांनी देवाने असे का केले ते समजावून सांगितले. लिंकन हरलेल्या दक्षिणेशी फार मवाळपणे वागले असते, म्हणून देवाने त्यांना उचलून त्यांच्या जागी कठोर हाताचा माणूस बसवला, असे काहींचे निदान होते. चार वर्षे युद्ध चालवलेल्या माणसाला देवाचा जो हेतू उमगला नव्हता, तो त्यांना दोन दिवसांत उमगला होता.